यंत्र मोठे की लहान?

प्रवासास निघणाऱ्या माणसाला सामान बांधताना एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. कामाला लागेल ते सर्व बरोबर घ्यावे, की पाठीला पेलेल तेवढेच घ्यावे? आज हा प्रश्न पुष्कळदा लॅपटॉपच्या रूपाने पुढे येतो. मोठ्या पडद्याचा घेतला तर काम सुखाने होते, पण खांदा भरून येतो. लहान घेतला तर खांदा सुखावतो, पण डोळ्यांना ताण पडतो. चेन्नईच्या मीनंबाक्कम विमानतळावरून असे ओझे खांद्याला लावून रोज असंख्य माणसे ये-जा करतात. त्या विमानतळाच्या जवळच सुमारे तीनशे फूट उंचीची एक टेकडी आहे. इंग्रजी अमदानीपासून तिला सेंट थॉमस माउंट म्हणतात. तमिळ माणूस तिला परंगी मलै म्हणतो. या टेकडीच्या परिसरात दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका लष्करी अधिकाऱ्यापुढे उभा होता. त्याने त्याचे जे उत्तर दिले, त्यावर पुढे साऱ्या हिंदुस्थानचा नकाशा उभारला गेला.

त्या अधिकाऱ्याचे नाव विल्यम लॅम्ब्टन. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि टिपूचे राज्य संपले. नव्याने हाती आलेला मुलूख किती मोठा आहे, त्याच्या सीमा कोठून कोठवर जातात, याचा नीट अंदाज कंपनी सरकारला नव्हता. मुलूख मोजण्याचे काम कॉलिन मॅकेन्झी याजकडे सोपविले गेले. लॅम्ब्टनने मात्र याहून निराळी योजना मांडली. केवळ म्हैसूरचा नकाशा काढून न थांबता, पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची एक अखंड साखळी टाकावी, पृथ्वीचा वक्राकार हिशेबात धरावा आणि द्वीपकल्पातील ठळक स्थाने अशी पक्की करून ठेवावीत की, पुढे कोणीही नकाशा काढला तरी तो त्या स्थानांना धरूनच काढावा लागेल. मद्रास सरकारने १८०० साली या योजनेला संमती दिली.

त्रिकोणमापनाची रीत समजण्यास अवघड नाही. प्रथम जमिनीवर एक सरळ रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजायची. हिला आधाररेषा म्हणतात. मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या डोंगरमाथ्याकडे पाहून कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. त्यांपैकी एक बाजू पुढल्या त्रिकोणाची आधाररेषा होते आणि असे करीत शेकडो मैल जाता येते. जमिनीवर साखळी टाकायची ती एकदाच. पुढचे सारे काम कोनांचे.

मद्रासची आधाररेषा मोजण्यास १० एप्रिल १८०२ रोजी आरंभ झाला. सेंट थॉमस माउंटजवळच्या सपाटीपासून दक्षिणेस पेरुंबाक्कमच्या टेकडीकडे जाणारी ही रेषा साडेसात मैलांहून किंचित अधिक लांबीची होती. साखळी शंभर फुटांची आणि पोलादी; अडीच अडीच फुटांच्या चाळीस कांड्या जोडून ती बनविली होती. चीनच्या सम्राटाकडे १७९३ साली गेलेल्या इंग्रज वकिलातीबरोबर ती पाठविण्यात आली होती. तेथे तिचा स्वीकार झाला नाही आणि फिरत फिरत ती हिंदुस्थानात येऊन पोचली. लाकडी पन्हळीत साखळी ताणून ठेवायची, उष्णतामापक लावून पोलाद किती प्रसरण पावले आहे याचा हिशेब करायचा, आणि मग ती पुढे सरकवायची. असे सुमारे चारशे वेळा करावे लागले, आणि तेही मद्रासच्या चैत्र-वैशाखातील उन्हात.

आधाररेषा झाली, आता कोन मोजायचे होते. येथेच यंत्राच्या आकाराचा प्रश्न आला. कोन मोजण्याच्या यंत्राला थिओडोलाइट म्हणतात. त्यात एक दुर्बीण असते आणि तिच्याखाली अंश कोरलेले एक आडवे धातूचे चक्र असते. दुर्बीण जितकी फिरेल तितका कोन चक्रावर वाचता येतो. लॅम्ब्टनने लंडनच्या विल्यम केरी या कारागिराकडून जे यंत्र मागविले होते, त्याच्या चक्राचा व्यास छत्तीस इंच होता आणि सगळ्या सरंजामासह त्याचे वजन सुमारे अर्धा टन, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने तेरा-चौदा मण, भरत असे. तंबू, निशाणे, दिवे, धान्य आणि माणसे यांच्या तांड्याबरोबर हे धूड रानावनांतून, नद्यांतून आणि डोंगरमाथ्यांवर न्यायचे होते.

इतके मोठे यंत्र हवे कशाला, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर साध्या अंकगणितात मिळते. छत्तीस इंच व्यासाच्या चक्रावर एका अंशाला जवळजवळ एक तृतीयांश इंच जागा मिळते. सात इंच व्यासाच्या चक्रावर ती इंचाच्या सोळाव्या भागाइतकीच उरते. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. लहान चक्रावर विकलेची रेघ कोरणे त्या काळच्या कारागिराला शक्य नव्हते आणि ती वाचणे मोजणाऱ्याच्या डोळ्याला शक्य नव्हते. आता तीस मैलांवरच्या शिखराचा कोन घेताना एका कलेची चूक झाली, तर ते शिखर नकाशात सुमारे सेहेचाळीस फूट बाजूला सरकते. चूक एका विकलेची असेल, तर ती नऊ इंचांवर येते. एकाच शेताची मोजणी असती तर गोष्ट वेगळी होती. येथे प्रत्येक त्रिकोण आधीच्या त्रिकोणावर उभा होता. पहिल्या त्रिकोणातील चूक दुसऱ्याला वारशाने मिळणार, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि शंभराव्या त्रिकोणापर्यंत तिचे काय होईल, हे सांगणे कठीण. लॅम्ब्टनने वजनाचा विचार मागे टाकला, तो या हिशेबाने.

आधाररेषा मोजून झाली तेव्हा हे यंत्र मद्रासला पोचलेही नव्हते. वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडून ते मॉरिशस बेटावर नेले. तेथे पेट्या उघडल्या गेल्या. आतील वस्तू विद्येच्या कामाची आहे हे ध्यानात आल्यावर, शत्रूची मालमत्ता असूनही, फ्रेंचांनी ती सौजन्याने मद्रासला रवाना केली. परकीयांनी असा उदारपणा दाखवला; मद्रासच्या कचेरीतील सर्वांचे मन मात्र इतके मोठे नव्हते. या मोजणीवर होणारा खर्च पाहून तेथील एका हिशेबनिसाने जो आक्षेप घेतला, तो पुढे फार प्रसिद्ध झाला. कोणाला श्रीरंगपट्टणास जायचे असेल तर त्याने पालखीच्या भोयांच्या म्होरक्याला तसे सांगावे. लॅम्ब्टनच्या नकाशावाचूनही तो बिनचूक तेथे पोचेल, असा त्या आक्षेपाचा आशय होता.

या आक्षेपाला हसणे सोपे आहे, परंतु त्यात तथ्यच नव्हते असे म्हणता येत नाही. वाट दाखविण्यापुरता नकाशा हवा असेल, तर अर्ध्या टनाचे यंत्र खरोखरच नको होते. तसले काम लहान यंत्रांनी चांगले होत होते. मद्रासला १७९४ साली मोजणीची एक शाळा निघाली होती. गिंडीचे आजचे अभियांत्रिकी महाविद्यालय आपला वंश त्या शाळेपर्यंत नेते. तेथे शिकून तयार झालेली मुले हलकी यंत्रे घेऊन गावोगाव हिंडत. म्हैसूरच्या मुलखात मॅकेन्झीने अशाच यंत्रांवर आणि अशाच साहाय्यकांवर काम चालविले. गावे, तळी, वाटा, किल्ले यांची त्याने नोंद केली; शिवाय कावली बोरय्या आणि त्याचे बंधू यांच्या मदतीने शिलालेख आणि हस्तलिखितेही गोळा केली. मोठ्या यंत्राच्या पाठीमागे लागला असता, तर मॅकेन्झी एवढ्या गावांत पोचलाच नसता. खुद्द लॅम्ब्टनच्या तांड्यातही अठरा इंची चक्राचे लहान थिओडोलाइट होतेच. मुख्य त्रिकोण मोठ्या यंत्राने बांधायचे आणि त्यांच्या पोटातील दुय्यम कोन लहान यंत्राने भरून काढायचे, अशी कामाची वाटणी होती.

मोठ्या यंत्राने आपले मोल लवकरच सिद्ध केले. १८०४ साली बंगळूरजवळ दुसरी आधाररेषा साखळीने मोजण्यात आली. मद्रासपासून दीडशेहून अधिक मैल त्रिकोणांच्या मागाने आल्यावर गणित त्या रेषेची जी लांबी सांगत होते, तिच्यात आणि प्रत्यक्ष मोजलेल्या लांबीत सुमारे पावणेचार इंचांचाच फरक निघाला. त्रिकोणांची साखळी मंगळूरच्या किनाऱ्यापर्यंत गेल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. मद्रासपासून मंगळूरपर्यंतचे अंतर त्या वेळचे चांगले चांगले नकाशे चारशे मैल दाखवीत. ते प्रत्यक्षात तीनशे साठ मैल भरले. द्वीपकल्प चाळीस मैलांनी अरुंद झाले. पालखीचे भोई प्रवाशाला श्रीरंगपट्टणास पोचवू शकत होते, हे खरे; हे चाळीस मैल मात्र त्यांना सापडले नसते.

मोठेपणाची किंमत कशी मोजावी लागते, हे १८०८ साली तंजावरला कळले. कावेरीच्या खोऱ्यात मैलोगणती सपाट जमीन. वर नारळी-ताडांची दाटी. दूरवर दृष्टी टाकायला डोंगर नाही. म्हणून लॅम्ब्टन मंदिरांच्या उंच गोपुरांचा आणि शिखरांचा उपयोग करू लागला. तंजावरचे बृहदीश्वराचे मंदिर हे त्या प्रदेशातील सर्वांत उत्तुंग स्थान. त्या वेळी तंजावरच्या गादीवर सरफोजी राजे भोसले होते. शास्त्रांची आणि ग्रंथांची त्यांना मोठी आवड. याच मंदिरात त्यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला होता. अशा या मंदिरावर दोरखंड आणि कप्प्या लावून मोठे यंत्र वर चढविण्यात येत असता दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर जाऊन आदळले. ज्या चक्राच्या अचूकपणासाठी हा सारा खटाटोप होता, तेच चक्र वेडेवाकडे झाले.

दुसरा कोणी असता तर त्याने विलायतेस पत्र धाडून नव्या यंत्राची वाट पाहिली असती, आणि त्यात दोन-तीन वर्षे सहज गेली असती. लॅम्ब्टनने कारागिरांना बरोबर घेऊन स्वतःला तंबूत कोंडून घेतले. यंत्राचा सांधा न् सांधा सुटा केला. एका मोठ्या सपाट फळीवर मूळ मापाचे वर्तुळ आखून कापले, आणि पाचरी, मळसूत्रे व कप्प्या लावून वाकलेली कड बाहेर ओढीत ओढीत त्या वर्तुळाशी जुळवून आणली. सहा आठवड्यांनी चक्र जवळजवळ पूर्वस्थितीला आले आणि काम पुढे सुरू झाले. या प्रसंगात लॅम्ब्टनची चिकाटी दिसते, तशीच मोठ्या यंत्राची एक उणीवही दिसते. ते एकुलते एक होते. त्याला दुखापत झाली की सगळा तांडा जागच्या जागी थांबे. लहान यंत्र मोडले असते तर पेटीतून दुसरे काढता आले असते.

पुढे हे काम उत्तरेकडे सरकत गेले. कन्याकुमारीच्या बाजूने निघालेली त्रिकोणांची माळ कृष्णा आणि गोदावरी ओलांडून मराठी मुलखाच्या दिशेने आली. १८१८ साली जॉर्ज एव्हरेस्ट हा तरुण अधिकारी लॅम्ब्टनच्या हाताखाली नेमला गेला. कृष्णा-गोदावरीच्या मधल्या रानांत हिवतापाने त्याच्या सबंध तांड्याला घेरले. दीडशेच्या आसपास माणसे अंथरुणाला खिळली आणि त्यांतली कित्येक दगावली. हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लॅम्ब्टनचा मृत्यू झाला. वर्धा जिल्ह्यातील त्या गावी त्याची कबर आहे. सेंट थॉमस माउंटपाशी सुरू झालेला त्याचा उद्योग महाराष्ट्राच्या मातीत संपला.

एव्हरेस्टने गुरूचे काम हाती घेतले, पण यंत्रांच्या बाबतीत तो गुरूच्या एक पाऊल पुढे गेला. प्रकृती बिघडल्यामुळे तो १८२५ साली इंग्लंडला गेला आणि १८३० साली परतला, तो नवी यंत्रे घेऊन. त्यांत छत्तीस इंची चक्राचे नवे मोठे यंत्र होते आणि त्याच्या जोडीला आटोपशीर लहान यंत्रेही होती. मोठ्याचेच छोटे रूप करण्याऐवजी प्रवासाला काय लागते, याचा त्याने मुळापासून विचार केला होता. उभे कोन मोजण्यासाठी पूर्ण चक्राची गरज क्वचित पडते. म्हणून त्याने त्याचे कामापुरते तुकडेच ठेवले. यंत्राची बैठक बुटकी केली, म्हणजे ते वाऱ्यात हलू नये. ही घडण पुढे त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली आणि मोजणी खात्यात ती दीर्घकाळ वापरात राहिली. जुने मोठे यंत्रही टाकून दिले गेले नाही. हेन्री बॅरो या कारागिराने त्याची नव्याने जुळणी केली. बॅरोनंतर यंत्रशाळेची जबाबदारी ज्याने समर्थपणे पेलली, तो सय्यद मीर मोहसीन हुसेन हा मद्रासजवळच्या अर्काटचा कसबी कारागीर होता. यंत्र मोठे असो वा लहान, ते जेथे वापरले जाते तेथेच त्याची दुरुस्ती झाली पाहिजे, हा तंजावरचा धडा अशा रीतीने खात्याने गिरविला.

लहानपणाची परमावधी आणखी काही वर्षांनी झाली. तिबेटात परकीयांना मज्जाव होता. तेथे थिओडोलाइट उघडपणे नेणे म्हणजे प्राणाशी गाठ. १८६५-६६ साली कुमाऊंचा नैनसिंग हा पंडित यात्रेकरूच्या वेषात ल्हासापर्यंत गेला. त्याच्या जपमाळेत एकशे आठ मण्यांऐवजी शंभर मणी होते; शंभर पावले झाली की एक मणी सरके. प्रार्थनाचक्राच्या पोकळीत स्तोत्रांऐवजी आकड्यांच्या चिठ्ठ्या होत्या. लपविलेला कोनमापक, होकायंत्र आणि पाणी उकळताना पाहायचा उष्णतामापक एवढ्या सामग्रीवर त्याने ल्हासाचे स्थान आणि उंची ठरविली. विकलेची अचूकता त्यात नव्हती. पण जेथे मोठे यंत्र पोचूच शकत नव्हते, तेथे तिचा आग्रह धरणे म्हणजे काहीच न मोजणे. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ साली त्याला सुवर्णपदक दिले.

कारागिरी सुधारत गेली तसे मोठ्या आणि लहान यंत्रांमधले अंतर कमी होत गेले. १९२० च्या दशकात हाइनरिख विल्ड याने स्वित्झर्लंडमध्ये काचेच्या चक्राचे थिओडोलाइट बनविले. त्याचे चक्र वितीपेक्षाही लहान, यंत्राचे वजन काही किलो, आणि तरीही एका विकलेपर्यंतचा आकडा त्यावर सरळ वाचता येई. लॅम्ब्टनने ज्यासाठी अर्धा टन वाहून नेला, ते आता एका माणसाच्या पाठीवर बसले.

संगणकाचा प्रवास याच वाटेने झाला. १९८१ साली ऑस्बर्न नावाचा संगणक प्रवासी म्हणून बाजारात आला. वजन सुमारे अकरा किलो आणि पडदा पाच इंची. पुढल्याच वर्षी विक्रीस आलेल्या एप्सनच्या संगणकाचे वजन दीड किलोच्या आसपास होते, पण त्याच्या पडद्यावर अक्षरांच्या चारच ओळी मावत. एकात काम होई, प्रवास होत नसे. दुसऱ्यात प्रवास होई, काम अपुरे राही. आज ही दोन टोके पुष्कळ जवळ आली आहेत, तरी मिटलेली नाहीत. चौदा इंची पडद्यापेक्षा त्याच घडणीचा सोळा इंची पडदा क्षेत्रफळाने सुमारे तीस टक्के मोठा असतो, आणि बहुधा अर्ध्या किलोपर्यंत वजन वाढवितो. विमानात शंभर वॅट-अवरपेक्षा मोठी बॅटरी कंपनीच्या परवानगीवाचून नेता येत नाही. त्यामुळे मोठ्या यंत्राची भूक वाढली तरी शिदोरीवर मर्यादा राहते.

मद्रासच्या इतिहासातून या निवडीसाठी काही बोध घ्यायचा असेल, तर तो असा घेता येईल. आपल्या हातून होणाऱ्या चुकीवर पुढे दुसऱ्यांचे काम उभे राहणार असेल, जमाखर्चाचे लांबरुंद तक्ते किंवा इमारतींचे नकाशे तासन्‌तास तपासायचे असतील, तर मोठ्या यंत्राचे ओझे सोसणे योग्य. काम जागेवर पोचण्याचे, नोंदी घेण्याचे आणि पुन्हा वाटेला लागण्याचे असेल, तर मोठे यंत्र ही अडचणच ठरते. आणि ज्याला दोन्ही करावयाचे आहे, त्याने लॅम्ब्टनप्रमाणे वाटणी करावी: मोठे यंत्र मुक्कामाला, लहान वाटेला.

एक फरक मात्र विसरता येत नाही. यंत्र मोठे घ्यावे हे लॅम्ब्टनने ठरविले, पण ते डोंगरांवर चढविले भोयांनी आणि हमालांनी. निर्णय एकाचा आणि भार दुसऱ्यांचा, असा तो काळ होता. त्या यंत्राचे जतन देहरादूनला मोजणी खात्याने केले आहे आणि लॅम्ब्टनचे नाव ग्रंथांत आहे. वाहणाऱ्यांची नावे मात्र इतिहासाने सांभाळली नाहीत. आजचा प्रवासी आपले यंत्र आपल्याच खांद्यावर वाहतो. म्हणून त्याची निवड चुकली, तर तिचा जाब त्याला त्याच दिवशी आपल्याच खांद्याकडून मिळतो.